मोरीवरचा आंबा

घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी अंघोळीचा आग्रह करणारा माणूस सबंध आदिलाबाद जिल्ह्यात एकच जन्माला आला, आणि आमचं नशीब असं की नेमके तेच आमचे व्याही झाले. चहाचं ते एखाद वेळ विसरत, अंघोळीचं कधी नाही. ऊन लागलं असेल तर अंग धुवा, थंडी वाजत असेल तर कढत पाण्यानं धुवा, आणि सकाळीच घरून धुऊन निघालो म्हटलं तर "सकाळचं सकाळी झालं ईनबाई, आता दुपार होऊन राह्यली," हे उत्तर तयार. आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात. मी त्यांची ईनबाई आणि ते माझे भाऊ. गावात त्यांना कुणी चिकट म्हणे, कुणी चिंगूस म्हणे. विजेचं मीटर बघायला येणारा तेलुगू माणूस तर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच थबकायचा. भाऊंना तेलुगू फारसं येत नसे, पण त्याच्यासाठी म्हणून त्यांनी एक वाक्य खास पाठ केलं होतं, "स्नानं चेयंडी." म्हणजे अंघोळ करा. कामावर आलेल्या माणसाला दारातच कुणी हात जोडून अंघोळ करा म्हणालं तर त्यानं काय समजावं? तो बिचारा आपल्याच बगलेचा वास घेत मागच्या मागे पळाला आणि पुढच्या खेपेला दुसराच माणूस आला. भाऊंनी त्यालाही तेच वाक्य ऐकवलं.

मला हा अनुभव पहिल्याच भेटीत आला. आमच्या वैशूसाठी तामसीकडचं हे स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शिकलेला, घरी कापूस-ज्वारीची शेती, सासू वारलेली, घरात काय ते बाप-लेक. घर पाहायला मी, आमचे हे आणि माझे थोरले दीर असे आदिलाबादहून भर उन्हात बसनं गेलो. थोरल्या दिरांना आम्ही अशा ठिकाणी मुद्दाम नेतो. मिशा मोठ्या, आवाज मोठा, कडक इस्त्रीचा सदरा. समोरच्यानं अर्धं आधीच कबूल करावं असं एकूण प्रकरण. दारात ठिगळाच्या बंडीतले एक किडकिडीत गृहस्थ तांब्या घेऊन उभे होते. अंगणातल्या फरशीवर त्यांनी आमच्या पायांवर पाणी घातलं, आणि आमच्या तोंडाकडे न बघता ते पाणी कुठं वाहत जातंय तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाय धुतलेच हाय तं आता आंगच धुऊन घ्या ना." सोयरीक जुळवायला गेलेल्या माणसानं पहिल्याच शब्दाला नाही म्हणू नये, असा आपल्याकडे रिवाज. दिरांना वाटलं ही या घरची रीतच असेल. ते निमूट मोरीत गेले. त्यांच्यामागून आमचे हे गेले आणि शेवटी मीही गेले. दिरांचा सदरा घामानं भिजला म्हणून भाऊंनी तो उन्हात टाकला आणि त्यांना नेसायला स्वतःचं विरलेलं धोतर दिलं. त्या धोतरात बसून दिरांना देण्याघेण्याचा एक शब्द बोलता आला नाही. त्यांची सगळी ऐट दोरीवर वाळत होती. तिघेही ओल्या डोक्यानं बसलो, ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण पोटभर जेवलो, आणि सोयरीक पक्की झाली.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, "या, तुमचं पानी कुठं गेलं ते दाखवतो." मोरीच्या मागं आंब्याचं झाड होतं. बुंध्याला दोन हातांचा वेढा पडेल एवढं, हिरवंगार, आणि खालच्या आळ्यात आमच्या तिघांच्या अंघोळीचं पाणी हळूहळू जिरत होतं. या झाडाला त्यांनी जन्मात कधी कोरं पाणी घातलं नव्हतं. ते वाढलं होतं ते माणसांच्या अंघोळीवर. त्यांच्या बायकोनं, लग्न होऊन नवीन आलेली असताना, आंबा चोखून कोय मोरीकडे भिरकावली होती, त्या कोयीचं हे झाड. "ह्या घरात एकच चीज फेकल्या गेली," ते म्हणाले, "अन् तेबी उगवली." एवढं बोलून ते खाली वाकले आणि आळ्यातला एक सुका काटका उचलून बंडीच्या खिशात टाकला. चुलीला लागतो म्हणाले.

त्यांच्या घरात कुठल्याही वस्तूला सुखानं मरता येत नसे. धोतर विरलं की त्याचा पंचा, पंच्याचं गाळणं, गाळण्याचं फडकं, फडक्याचा काकडा, आणि तो काकडा जळल्यावर उरलेली राख भांडी घासायला. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, तेच पाणी मग बैलांना. लिंबाच्या साली पितळेच्या तांब्याला, दोडक्याच्या शिरांची चटणी आणि पिकून वाळलेल्या दोडक्याची अंग घासायची जाळी. तांब्याचं घंगाळ सकाळी अंगणात उन्हात ठेवलं की दुपारी पाहुण्यापुरतं पाणी कढत. देवापुढचा दिवा लागला की त्याच्यावरच उदबत्ती, त्याच्यावरच चूल. दुसरी काडी ओढलेली मी पाहिली नाही. पंखा होता, पण "पंखा मानसासाठी असते, खोलीसाठी नसते," म्हणून आपण पाणी प्यायला उठलो तरी ते बटण बंद करीत आणि परत आलो की सुरू करीत. आमचं दुकान प्लास्टिकच्या बादल्या-टबांचं. भाऊ दुकानात आले की रचलेल्या बादल्यांकडे असे बघत, जसं एखाद्या घरात एवढ्या मुली लग्नाच्या आहेत हे कळल्यावर माणूस बघतो. त्यांची स्वतःची बादली फुटलेली होती. तापलेल्या सुईनं भोकं पाडून त्यांनी ती तारेनं शिवली होती आणि वर डांबर लावलं होतं. मी नवी देऊ केली तर म्हणाले, "मंग हिनं काय करावं?"

चिंगूस म्हणणाऱ्यांना एक सांगितलं पाहिजे. त्यांच्या घरून उपाशी कुणी गेलं नाही. ताटात वाढताना त्यांचा हात सैल होता, फक्त ताटात टाकणाऱ्यावर त्यांचा जीव जळायचा. आणि आपल्याकडच्या ब्लाउजपिसांचं त्यांनी जे केलं ते करण्याची हिंमत मी तरी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. ओटीत आलेलं ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. ते या घरातून त्या घरात फिरतं आणि वर्षा-दोन वर्षांनी हळदीकुंकवाला परत आपल्याच ओटीत पडतं. भाऊंनी ही वरात थांबवली. घरात आलेलं प्रत्येक पीस ते स्वतः मशीनवर बसून पिशवी करून टाकत आणि ज्याचं त्याला परत देत. मी वैशूच्या ओटीत घातलेल्या जांभळ्या पिसाची पिशवी मला मिळाली तेव्हा आतून वांगी भरलेली होती. उन्हाळ्यात अशाच पिशवीतून आंबे येत, आणि सोबत निरोप, "पिशवी अन् कोया वापस पाठवजा." त्या कोया ते धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत लावत आणि पावसाळ्यात गावाच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना पुरत. आज बसनं तामसीकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जी आंब्याची पोरसवदा झाडं दिसतात, त्यांतली काही आमच्या घरी चोखलेली आहेत.

लग्नात तर त्यांनी कहर केला. वरबापाची मागणी म्हणून आम्ही धास्तावून बसलो होतो. मागणी आली ती अशी, पंगत पळसाच्या पत्रावळीवर, पाणी स्टीलच्या ग्लासात, आणि सगळी खरकटी भांडी वरपक्षाच्या ताब्यात द्यायची. आमच्या ह्यांना आधी ऐकूच नीट आलं नाही. भाऊंनी समजावून सांगितलं. एवढ्या भांड्यांचं पाणी आदिलाबादच्या गटारात जाणार, त्यापेक्षा भांडी गावी नेतो, मोरीवर राखेनं घासतो आणि दुसऱ्या दिवशी पोचवतो. नवरीची पाठवणी होत होती, मी रडत होते, आणि तिच्या गाडीमागं ट्रॅक्टरमध्ये वरणाची पातेली चढवली जात होती. आमच्या नात्यातल्या बायका अजून मला विचारतात, की लेकीसोबत आंदणात उष्टी भांडी देणारी तू पहिलीच का गं? भांडी मात्र आली ती अशी लखलखीत, की त्यांत तोंड बघून कुंकू लावावं.

वैशूची खरी परीक्षा पुढं होती. झाडाला साबण चालत नाही. म्हणून मोरीला दोन पाट काढलेले, एक झाडाकडं, एक रस्त्याच्या नालीकडं, आणि मध्ये चिंध्यांचा एक बोळा. बेसन नाहीतर शिकेकाई लावणारा अंघोळीला बसला की बोळा नालीच्या तोंडात, साबणवाला बसला की झाडाच्या तोंडात. बोळा बदलणार बाहेरून भाऊ. तेव्हा आत जाणाऱ्यानं कडी लावण्याआधी ओरडून सांगायचं, "साबन!" किंवा "बिगर साबन!" सासऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडायचं म्हणजे गल्लीलाही ऐकू जाणारच. नव्या नवरीनं कोणत्या दिवशी केस धुतले हे चार घरांना कळायचं. वैशूनं मला फोन केला, "आई, मी इथं राहू कशी? रोज ओरडावं लागतं गं!" मी म्हटलं, जरा दम धर. तिनं दम धरला, आणि मग हळूहळू तिचा शाम्पू आठवड्यावर आला, मग सणावर आला. नात झाली आणि बाळंतपण उरकून ती सासरी परतली, तेव्हा भाऊ रोज सकाळी मोरीमागं जाऊन उभे राहत. बाळाच्या तेल-बेसनाचं पाणी आळ्यात उतरताना बघायचं असे. "असं पानी त्याले आजवर भेटलंच नवतं," म्हणाले. त्या वर्षी झाड मोहरानं असं भरलं की पानं दिसेनात.

मग जावयांना हैदराबादेत नोकरी लागली. लेक, जावई, नात सगळीच गेली. भाऊंनाही नेलं. जाताना त्यांनी शिवलेली बादली सोबत घेतली होती. पावसाळा सरेपर्यंत ते तिकडे राहिले आणि पाऊस थांबला तसे एका सकाळी बादलीसकट आदिलाबादच्या बसस्टँडवर उतरले आणि आमच्या दुकानात आले. मी विचारलं, "काय झालं भाऊ? वैशूचं काही चुकलं का?"

"पोरगी लाखाची हाय. तिच्यावर बोल नाही," ते म्हणाले. "पन ईनबाई, तिथं आंग धुतलं की पानी कुठं जाते हे त्या बिल्डिंगीत कोनालेच मालूम नाही. मी वॉचमनले पुसलं, त्यालेबी नाही. जे पानी कुठं गेलं ते मालूम नाही, त्या पान्यानं मानूस सोच्छ कसा व्हईल?"

ते गावी परतले आणि एकटे राहू लागले. एका किडकिडीत माणसाची, शिवलेल्या बादलीतली अंघोळ. तेवढ्यावर एवढं झाड कसं जगावं? त्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा पानं कडेनं करपली होती आणि बोराएवढ्या कैऱ्यांचा खाली सडा पडला होता. भाऊंनी त्या गोळा करून मिठात घातल्या होत्या, पण बरणीकडे बघत नव्हते. नळ दिवसाआड येत होता, पाणी अगदीच नव्हतं असं नाही. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, एकदा नळाला पाइप लावा आणि सोडा की झाडाला. तुमचा नेम मोडला तर देव काही बोलणार नाही."

त्यांनी झाडाच्या बुंध्याला हात लावला. "कोरं पानी दिलं तं ते पाहुणं झालं, ईनबाई. हे झाड घरचं हाय. घरच्याच्या आंगच्या पान्यावर जगते. घरात मानसं असली तं ते हाय. नसली तं..."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही त्यांचा पाण्याचा हट्ट म्हणून हसत होतो, आणि हट्ट होता माणसांचा. घरात माणसं नांदती असावीत, त्यांनी यावं, बसावं, डोक्यावरून पाणी घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, उठा, आत जा. दोघांनीही अंघोळी केल्या. मग तो नेमच झाला. दुकान बंद असेल त्या दिवशी आम्ही पिशवीत टॉवेल आणि बेसनाची पुडी घेऊन तामसीच्या बसमध्ये बसायचो. ओळखीचा कंडक्टर विचारायचा, "लग्नाला का?" आमचे हे म्हणायचे, "नाही, अंघोळीला." कंडक्टरला ती थट्टा वाटे. हळूहळू गल्लीतल्याही दोन-तीन म्हाताऱ्या, घरी पक्कं न्हाणीघर असताना, बादली घेऊन भाऊंच्या मोरीवर येऊ लागल्या. चिंगूस म्हणणाऱ्यांतल्याच. झाडानं थोडी कोवळी पानं काढली. भाऊंनी मला ती लांबून दाखवली, बोट न रोखता. बोट दाखवलं की दृष्ट लागते म्हणे.

पण पुढचा उन्हाळा त्याहून कडक निघाला, आणि ऐन वैशाखात भाऊ गेले. झोपेतच गेले. आजार नाही, औषध नाही, कुणाला त्रास नाही. शेवटच्या कामातही त्यांनी काही वाया घालवलं नाही, असं थोरले दीर म्हणाले आणि स्वतःच तोंड फिरवून मिशा पुसू लागले. लेक-जावई नातीला घेऊन आले. गल्लीतली माणसं नाल्याकाठच्या मसणवट्यात जाऊन आली. एरवी अग्नी दिल्यावर नाल्यातच बुडी मारून लोक घरी जातात, पण नाल्यात चुळीपुरतंही पाणी नव्हतं. त्या दिवशी नळ यायचा नव्हता आणि भाऊंच्या हौदात तळाला थोडंसं पाणी. जावयांनी हात जोडून सांगितलं, "आपापल्या घरी करून घ्या अंघोळी." लोक पांगले. आम्ही बायका ओसरीवर बसून होतो.

थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली. समोरच्या घरचे म्हातारबुवा ओल्या डोळ्यांनी आत आले. हातात त्यांच्या घरची भरलेली बादली. ते सरळ अंगणातल्या फरशीकडे गेले. त्यांच्यामागून दुसरे, मग तिसरे. खांद्यावर हंडा, डोक्यावर घागर, हातात आमच्याच दुकानातल्या निळ्या-लाल बादल्या. आपापल्या घरचं पाणी घेऊन अख्खी गल्ली भाऊंच्या अंगणात अंघोळीला आली होती. पुरुष फरशीवर, जिचा उतार मोरीच्याच पाटाला मिळे, आणि बायका मोरीत. कुणीतरी जुनं माणूस कुरकुरलं, "सुतकाचं पानी झाडाले कसं चालन?"

वैशू ओसरीवरून उठली. आदिलाबादेत वाढलेली, बोळ्यासाठी ओरडायची लाज वाटून मला फोन करणारी माझी लेक त्या घरच्या बोलीत म्हणाली, "काऊन नाही चालत? ते झाड घरचं हाय. त्यालेबी सुतक हाय." आणि पदर खोचून ती मोरीमागं गेली आणि बोळ्यापाशी जाऊन बसली.

समोरचे म्हातारबुवा फरशीवर उभे राहिले. बादली उचलली, थांबले, आणि वर्षानुवर्षं कानावर पडलेलं तेच ओरडले, "बिगर साबन!" मग प्रत्येक जण तसाच ओरडला. सुतकाच्या अंघोळीला साबण कोण लावतो, सांगायची काही गरज नव्हती. तरी एकेक जण पुढं येई, बादली उचली, "बिगर साबन" म्हणे आणि डोक्यावर ओती. आम्ही रडत होतो आणि रडता रडता हसू येत होतं. ते आळं मी इतकं काठोकाठ भरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

यंदा झाडाला आंबा आला आहे. तेराव्यानंतर वैशूनं ते घर शाळेत शिकवणाऱ्या एका तेलुगू जोडप्याला राहायला दिलं. अट एकच, बोळ्याची. परवा तिचा हैदराबादेहून फोन आला, "आई, आंबे उतरवून ठेवलेत, घेऊन ये. अन् कोया वापस ठेवजो." आम्ही दुपारच्या बसनं गेलो. उन्हानं डोकं भणभणत होतं. दारात त्या घरची बाई तांब्या घेऊन उभी होती. तिनं फरशीवर आमच्या पायांवर पाणी घातलं, आणि माझ्याकडे बघून संकोचानं हसत म्हणाली, "स्नानं चेयंडी."

मी टॉवेल नेला नव्हता. तिनं तिचा दिला. मोरीत गेले, कडीला हात घातला आणि तशीच उभी राहिले. मग जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "बिगर साबन!" बाहेरून तिच्या लहान मुलीचा आवाज आला, "सरे!" म्हणजे बरं, आणि मागं बोळा सरकल्याचं ऐकू आलं. मग मी डोक्यावरून पाणी घेतलं.